पंधरा थाऊची फट

बसाप्पा हुक्केरीच्या गाडीत माणसं दोनच बसत, पण तिला ढकलायला सहा लागत. शाहूपुरीतल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं, आणि गाडी कोपऱ्यावर बंद पडली की सहाजण न बोलावता हातातला चहा खाली ठेवून येत.

गाडी विलायती, चौसष्ट सालची. लांब नाकाची, जमिनीला टेकलेली, वर छप्पर म्हणून एक फाटकं कापड. बिद्रीच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटरकी करून निवृत्त झाल्यावर माणूस देवधर्म करतो, नातवंडं खेळवतो. बसाप्पानं एका म्हाताऱ्या इंजिनिअरसाहेबाच्या बंगल्यामागं चिंचेखाली सडत पडलेली ही गाडी घरी आणली. आणली म्हणजे चालवत नव्हे, उसाच्या ट्रॉलीत घालून आणली. त्याची बायको शांतादेवी दारात उभी होती. तिनं ट्रॉलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही दूध देती का अंडी?"

त्याला आता चार वर्षं झाली होती. चार वर्षांत घराशेजारची पत्र्याची शेड गाडीनं खाल्ली आणि शेडची भिंत हत्यारांनी.

हत्यारांचं प्रकरण नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यापायीच झाला. घरात पान्यांचा संच होता, पण तो मिलिमीटरचा, आणि गाडी इंचाची. पहिल्याच आठवड्यात बसाप्पानं तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला लावला. तो बसला, म्हणजे बसल्यासारखा वाटला. जोर दिल्यावर नटाचे सगळे कोपरे झिजून गोल झाले आणि तो एक नट काढायला अकरा दिवस गेले. एवढा मुरलेला फिटर, आणि चूक केली ती पहिल्या दिवशीच्या उमेदवाराची! शेवटी शिवाजी पेठेतला त्याचा जुना दोस्त केरबा धावून आला. केरबानं जन्मभर ऑईल इंजिनं उघडली होती, आणि जुन्या इंजिनांची मापं सुतात असत, आठ सुतांचा एक इंच. "तुझे मिलिमीटर ठेव गुंडाळून," केरबा म्हणाला. "हिला आपली जुनी हत्यारंच लागत्यात." आणि त्यानं गोणपाटात बांधलेले आपले सगळे सुती पाने आणून शेडमध्ये ओतले.

मग भिंतीवर फळी लागली. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, म्हणजे जागा रिकामी दिसली की कोण गायब आहे ते लगेच कळावं. तीन सुती, चार सुती, पाच सुती. लोखंडी घाव या गाडीला सोसत नाही म्हणून तांब्याचा हातोडा. ग्रीसगन. गाडी जॅकवर उचलली की खाली लावायच्या दोन घोड्या, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला बसाप्पा माणूसच समजत नसे. आणि एका डबीत जपून ठेवलेलं फीलर गेज, म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. दोन धातूंमधली बारीक फट मोजायची तर त्याच्याशिवाय चालत नाही.

बसाप्पा गाडीखाली असला की बाहेर नुसता एक काळा हात यायचा. "चार सुती!" शांतादेवी तव्यावरची भाकरी उलटून यायची, फळीवरून पाना काढून त्या हातात ठेवायची आणि गाडीला दोन शिव्या हासडून परत जायची. चार वर्षांत तिनं एकदाही चुकीचं हत्यार दिलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्याच्याही.

शांतादेवीला ती शेड हवी होती. तिची शेंगदाण्याची चटणी पार निपाणी-संकेश्वरापर्यंत नावाजलेली. उखळात कुटून कुटून खांदे धरायला लागले होते, आणि त्यात पुण्याच्या एका दुकानदारानं दर महिन्याला चाळीस किलो मागितली. कांडप यंत्र बसवायचं तर जागा एकच. श्रावणात तिनं विषय काढला. दोन दिवस घरात भांड्यांची आदळआपट झाली आणि तिसऱ्या दिवशी दोघांनी शर्त लावली. त्यांची एकुलती लेक विद्याश्री निपाणीला दिलेली. दसऱ्याचं सोनं द्यायला गाडी स्वतःच्या चाकांवर तिच्या दारात गेली, तर शेड गाडीची. नाही गेली, तर गाडी विकायची आणि शेडमध्ये कांडप यंत्र.

"बघ हां, मागनं रडायचं न्हाय," बसाप्पा म्हणाला.

"मी कशाला रडंन? रडती ती तुमची गाडी," शांतादेवी म्हणाली.

हे अठ्ठ्याण्णव साल. दसऱ्याच्या तीन दिवस आधी बसाप्पानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की गाडी तयार आहे. गाडी सुरू झाली, खोकली, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेली आणि गप्प झाली. सहाजण आले.

"पॉइंटची फट बिघडलीया," बसाप्पा घाम पुसत म्हणाला. "म्हणून ठिणगी पडंना. पंधरा थाऊची फट पाहिजे, ना कमी ना जास्त. अर्ध्या तासाचं काम हाय. नवमीला सकाळी करतो." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गल्लीतल्या कुणालाही एवढ्या बारीक गोष्टीवर एवढी मोठी गाडी अडते हे पटलं नाही, पण त्याच्या तोंडाकडं बघून सगळे मुकाट ढकलायला लागले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्याबाबत या घरात बसाप्पाच्या आईनं घालून दिलेला एक कडक नियम होता. पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं सगळ्यांना देऊन झाल्याशिवाय उचलायचं नाही. म्हणून बसाप्पा दर वर्षी पूजेला एक हातोडा आणि एक पाना द्यायचा, बाकीची हत्यारं फळीवरच. देवाच्या तोंडाला पानं पुसायचा हा प्रकार शांतादेवीला मुळीच पसंत नव्हता आणि ती दर वर्षी तसं सुनावायची.

यंदा नवमीला सकाळी ती उठून सोप्यात आली, तर देवघराच्या उंबऱ्याला लागून पोत्यावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. रॉकेलनं धुतलेली, पुसलेली, लखलखीत. फीलर गेजची डबीसुद्धा होती. तिला भरूनच आलं. उशिरा का होईना, नवऱ्याला बुद्धी झाली! तिनं एकूण एक हत्यार उचलून पाटावर मांडलं, विभूतीचे पट्टे ओढले, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. शेजारी आपली विळी, खलबत्ता आणि उखळाचं मुसळही ठेवलं आणि हात जोडले.

बसाप्पा अंघोळ करून आला आणि पाटाकडं बघत उभा राहिला.

"सगळी?"

"सगळी. तुमीच काढून ठेवलासा न्हवं?"

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, "जिंकलीस की," म्हणाला आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.

शांतादेवीला तोंडात मारल्यासारखं झालं. आता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. सोनं दिल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, आणि हत्यार उचलल्याशिवाय सोनं द्यायला गाडी निघणार नाही. म्हणजे शर्त तिनं जिंकली होती, आणि तीही देवाला पुढं करून. अडतीस वर्षांच्या संसारात ती भांडली होती, अबोले धरले होते, एकदा रागानं संकेश्वरला माहेरी निघून गेली होती. पण खोटा डाव ती कधी खेळली नव्हती. शेड तिला हवी होती, फार हवी होती, पण अशी नको होती. नवरा आपल्याला लबाड समजतोय, हे मनात घेऊन तिथं कुटलेली चटणी तिच्या घशाखाली उतरली नसती.

तेवढ्यात शेजारची झुंबरबाई हळदकुंकवाला आली. तिनं पाट बघितला, कट्ट्यावरचा बसाप्पा बघितला आणि शांतादेवीच्या पाठीवर थाप मारली. "बरं केलंस गं बाई! बाईमाणसानं असंच डोकं चालवावं."

"मी काय बी केलं न्हाय!"

"व्हय, व्हय. मी कुणाला सांगती व्हय?" झुंबरबाई डोळा मिचकावत म्हणाली, आणि दहा वाजेपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाली. गल्ली शांतादेवीच्या हुशारीवर बेहद्द खूश होती. हेच तिला सोसवेना.

तिनं पायात चपला सरकवल्या आणि उसनी हत्यारं आणायला निघाली. शाहूपुरीत गॅरेजांना काय तोटा? पण त्या दिवशी प्रत्येक गॅरेजात हत्यारं पाटावर, झेंडूचा हार घालून बसलेली. व्हाइसला हार, लेथला हार, हवा मारायच्या पंपालासुद्धा हार. एका मेकॅनिकनं तिला पेढा दिला आणि हात जोडले. "मावशी, आज पान्याला हात लावला तर आई घरात घ्यायची न्हाय. परवा या." मग तिनं रिक्षा केली आणि शिवाजी पेठेत केरबाचं घर गाठलं.

"वैनी, माझी सगळी हत्यारं तुमच्याच पूजेत हाईत की!" केरबा म्हणाला. "आणि दुसरीकडं कुठं बघू नगासा. आज अख्ख्या कोल्लापुरात एक नट फिरायचा न्हाय."

"मग पॉइंट साफ करायचे कशानं?"

"त्याला हत्यार कशाला? माझ्या मोटारसायकलीचे पॉइंट मी काडीपेटीच्या खरखरीत कडंवर घासतोय. झ्याक चालत्यात. फटीचं मातूर मला इचारू नगासा."

परतीच्या रिक्षात शांतादेवी विचार करत होती. पूजेत काय काय गेलंय? विळी गेली, मुसळ गेलं, खलबत्ता गेला. उलथनं नाही गेलं. काडीपेटी नाही गेली. "जरा दाबा की रिक्षा," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

बसाप्पा अजून कट्ट्यावरच होता. ती थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात काडीपेटी.

"उठा. बॉनेट उघडा."

"अगं, हत्यारं पूजेत..."

"उलथनं पूजेत न्हाय."

"उलथन्यानं कुणी इंजिन खोलतंय व्हय?"

"स्क्रूच फिरवायचा हाय न्हवं? मग ह्याचा कोपरा बसतोय का बघू. न्हाय बसला तर भाकरी करायला हायच."

बसाप्पा नाइलाजानं उठला. इंजिनाच्या अंगाला एक काळं टोपण असतं. दोन बाजूंचे चिमटे सोडले की ते हातानं निघतं. आत धातूच्या दोन चिमुकल्या टिकल्या समोरासमोर, त्याच पॉइंट. जळून काळ्याठिक्कर पडल्या होत्या. शांतादेवीनं काडीपेटीची कड फाडून मधे सरकवली आणि घासली. घरातली भांडी घासण्यात हयात गेलेली बाई ती. दोन मिनिटांत टिकल्या चमकायला लागल्या.

"आता फट," बसाप्पा म्हणाला. "गेज पूजेत. झालं, हितंच अडलं."

"जाड कागद चालंल?"

"चालंल. पण कुठला कागद पंधरा थाऊ भरतोय ते कसं कळणार?"

ती आत गेली आणि लग्नपत्रिकांची पिशवीच घेऊन आली. पंधरा वर्षांत आलेली एकही पत्रिका तिनं टाकली नव्हती. बसाप्पानं एक पत्रिका अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली, डोळे मिटले आणि त्याचा चेहराच बदलला. बेअरिंगखाली घालायच्या पितळी पट्ट्या त्या बोटांनी जन्मभर चाचपलेल्या. "ही दहा," तो म्हणाला. "ही बारा. ही नऊ, चिक्कू माणूस दिसतोय. ही? ही वीस! एवढी माजल्यागत पत्रिका कुणाची गं?" तो एकेक पत्रिका चिमटीत धरून बाजूला टाकत होता आणि सकाळपासून पहिल्यांदा हसत होता. मग एका गुलाबी पत्रिकेवर त्याची बोटं थांबली. त्यानं ती दोनदा चाचपली.

"ही. ही पंधरा."

ती झुंबरबाईच्या नातवाच्या लग्नाची निघाली. त्या लग्नात आमटीत मीठ घालायला विसरले होते, पण पत्रिका बरोबर मापात होती.

बसाप्पानं इंजिनाचा पंखा हातानं फिरवून टिकल्या पुऱ्या उघड्या केल्या आणि उलथनं घेऊन वाकला. डोळे जवळ नेले, लांब नेले, परत जवळ नेले. उलथन्याचा कोपरा स्क्रूच्या खाचेवरून घसरला. पुन्हा घसरला. त्याचा हात थरथरत होता. शांतादेवीनं ते बघितलं आणि त्याच्या हातातलं उलथनं घेतलं.

"सरका." चौपन्नाव्या वर्षीसुद्धा ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. कोपरा खाचेत बरोबर बसला. तिनं स्क्रू ढिला केला आणि पत्रिकेचा तुकडा मधे सरकवला. "किती लागला पाहिजे?"

"ओढताना जरासा लागला पाहिजे, पण अडकता न्हाय पाहिजे."

"भाजलेली भाकरी तव्यावरनं सुटती तसा?"

"अगदी तसा!"

तिनं स्क्रू आवळला, तुकडा ओढून बघितला आणि मान हलवली. बसाप्पानं टोपण लावलं, गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली नाही. एकदम पेटली आणि असा काही आवाज काढला की शेडचे पत्रे थरथरले. कोपऱ्यावरून सहाजण सवयीनं धावत आले आणि ढकलायला काही नाही म्हटल्यावर हात कुठं ठेवावेत ते न कळून तसेच उभे राहिले. मग त्यांतल्या एकानं शिट्टी मारली आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. झुंबरबाई पदर खोचत आली.

"अगं शांते, आणि तुझी शेड?"

"शेड गेली खड्ड्यात!" इंजिनाच्या आवाजावर शांतादेवी ओरडली. तिला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता, ते आठवत नव्हतं.

दसऱ्याला नऊ वाजता ती पहिल्यांदा त्या गाडीत बसली. मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी, डोक्याला गच्च बांधलेला पदर. हमरस्त्यावर हार घातलेले ट्रक हॉर्न देत होते, एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. वारा तोंडात शिरत होता. बुड रस्त्याला इतकं जवळ की आपण जमिनीवर बसूनच पळतोय असं तिला वाटलं आणि ती मोठ्यानं हसत सुटली. कागलपर्यंत तिचं हसू थांबलं नाही.

कागल मागं पडल्यावर बसाप्पा म्हणाला, "शांते, एक सांगायचं ऱ्हायलंय."

"काय? ऐकू येत न्हाय!"

"हत्यारं मीच तिथं मांडलीती!" तो ओरडला. "तू पूजेत घेशील म्हणूनच!"

"गाडी थांबवा," शांतादेवी म्हणाली. हे मात्र त्याला ऐकू गेलं. गाडी उसाच्या फडाच्या कडेला थांबली.

"त्या दिवशी गाडी बंद पडल्यावर मी फट लावाय बसलोतो," बसाप्पा समोर रस्त्याकडं बघत म्हणाला. "गेजवरचे आकडे दिसंनात. खाच दिसंना. हात थरथराय लागला. मिलचे रोलर बसवलेला माणूस मी, आणि एक एवढासा स्क्रू मला दाद देईना. गल्लीला काय सांगू? तुला काय सांगू? म्हटलं, हत्यारं पूजेत गेली तर देवाच्या नावावर खपंल."

"आणि मला 'जिंकलीस की' म्हटलासा ते?"

"सुटलो म्हणून म्हटलो."

"मी काल रिक्षानं कोल्लापूर पालथं घातलं! तुमी मला लबाड समजलासा म्हणून!"

बसाप्पानं तिच्याकडं वळून बघितलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तुला? लबाड? ते माझ्या डोक्यात बी आलं न्हाय गं."

शांतादेवीला राग आला होता, चांगला सणसणीत आला होता. पण हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिच्या छातीवरचा धोंडाच कुणी उचलल्यासारखं झालं. कालपासून जे ऐकायला ती धडपडत होती ते हेच होतं. तिचे डोळे भरून आले.

"दिसत न्हाय तर मला सांगायचं की," ती म्हणाली. "मला दिसतंय न्हवं!"

"व्हय. चुकलं माझं."

"आणि खोटा डाव तुमी खेळलासा. म्हणजे शेड माझी."

"तुझी. घे. गाडी विकून टाकतो."

"विकायची न्हाय! अंगणात ठेवू, वर चार पत्रे घालू."

"का गं? काल तर खड्ड्यात घालालतीस."

"ते शेडला. गाडीत मी लावलेली फट हाय," शांतादेवी म्हणाली आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला. "चला आता. लेक वाट बघत आसंल."

निपाणीत विद्याश्रीच्या दारात गाडी थांबली तेव्हा आधी पोरं, मग शेजारी, मग घरातली सगळी माणसं बाहेर आली. जावई बसवेश गाडीभोवती फिरून फिरून बघत होता. त्याचे वडील, म्हणजे व्याही गणपतराव, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी बसाप्पाला मिठीच मारली.

"शेवटी करून दावलासा! चार वर्षं लागली, पण हात तो हात. ऐकलं का रे सगळ्यांनी? अशी गाडी घरच्या घरी दुरुस्त करणारा माणूस दुसरा दावा मला!"

सगळे बसाप्पाकडं बघत होते. नुसतं हसला असता तरी भागलं असतं. शांतादेवीलाही वाटलं, की हसून घेईल, आणि तिची काही हरकत नव्हती. सणाचा दिवस होता.

"हात माझा न्हाय," बसाप्पा म्हणाला. "फट हिनं लावली. मला आता बारीक दिसत न्हाय, आणि मी ते लपवालतो. गाडी हितवर आली ती हिच्यामुळं."

सगळ्यांच्या माना शांतादेवीकडं वळल्या.

"अव्वा? तू?" विद्याश्रीनं विचारलं.

चटणीची तारीफ शांतादेवीनं आयुष्यभर ऐकली होती आणि ती ऐकताना कधी लाजली नव्हती. आता मात्र तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं लेकीच्या हातावर सोनं ठेवलं, व्याह्यांना दिलं, सगळ्यांना दिलं. मग पदर कमरेला खोचला आणि जावयाला म्हणाली, "बॉनेट उघडा, जावईबापू. दावते."